पारवा गेला

वडनेर भोलजी
११ फेब्रुवारी

चि. योगिनी,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. आईचा गुडघा थंडीत कुरकुरतो, बाकी ठीक. तूर निघाली, यंदा दाणा बारीक आहे. फोनवर तू नुसतं "हं, हं" करतेस आणि मग मलाही पुढचं सुचत नाही, म्हणून कागद घेतला. नागपुरात तुझ्या मैत्रिणी हसतील, हसू देत.

पारव्याबद्दल सांगतो. जाईचं हे शिंगरू आता चार वर्षांचं झालं. पोलिसांच्या घोडदळात मी इतकी घोडी तयार केली, पण असा विद्यार्थी मिळाला नाही. सुरुवातीला लांब दोरीवर गोल फिरवला की दुडक्या चालीवरून थेट उधळायचा. मधली संथ दौड, आपला कँटर, या घोडेसाहेबांना मान्यच नव्हता. त्याच्याशी बोलत बोलत शिकवला. मग जमिनीवर बांबू, मग गुडघ्याइतके उंच, आणि आता तुरीच्या मोकळ्या वावरात उड्यांचा सगळा कोर्स मांडलाय. परवा एकही बांबू न पाडता पुरा केला. माझी कंबर दुखली, ते सोड. उडीआधी कान पुढे करतो, अगदी जाईसारखे.

घेतलं बघ जाईचं नाव. तीन वर्षांत आपल्या घरात ते कोणी घेतलेलं नाही.

त्या स्पर्धेत ती उडीला दोनदा अडली. तिसऱ्यांदा तू टाच मारलीस, ती झेपावली आणि पाय मोडून पडली. डॉक्टरांनी शेवटचं इंजेक्शन दिलं तेव्हा तिचं डोकं तुझ्या मांडीवर होतं. तू एकोणीस वर्षांची होतीस. जिंकायला निघालेली कुठलीही पोर टाच मारते, मीही मारली असती. तुझ्याशी हे बोलण्याऐवजी मी पारव्यामागे लागलो. वाटलं, एकदा तू त्याच्यावर बसलीस की सगळं मागे पडेल.

दसऱ्याला तू विचारलंस, तयार झाला का? मी हौसेने व्हिडिओ पाठवला. तू "छान" लिहिलंस आणि दिवाळीला आली नाहीस.

मी आईजवळ कुरकुर केली. ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "तुमाले समजत काऊन नाही? पोरगी त्याच्यापाई तं येत नाही. तुमी त्याले शिकवून राह्यले, अन् तिकडे तिले भेव वाटून राह्यलं का घरी गेली का बाबा मले त्याच्यावर बसवतीन." मी रागावलो. दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. ती खरं बोलली होती, म्हणूनच राग आला.

तर पारवा गेला. नाशिककडे प्रसेनजित म्हणून एक जण मुलांना घोडेस्वारी शिकवतात, माणूस मायाळू आहे, त्यांना देऊन टाकला. काल गाडी घेऊन आले. पारवा गाडीत चढेना. त्यांची माणसं दोर ओढायला लागली, ते मला बघवेना. मीच फळीवरून आत गेलो, तर तो मुकाट्याने माझ्या मागे आला. मग मी उतरलो आणि त्यांनी दार लावलं. तो आतून खिंकाळत होता. आज सकाळी मी सवयीने त्याची हरभऱ्याची चंदी भिजवली. आईने ती गाईला घातली.

हे तुझ्या डोक्यावर ओझं ठेवायला लिहीत नाही. अंगणात आता घोडा नाही, एवढंच कळावं. तू ये. कोणी तुला कशावर बसवणार नाही. जाईसाठी रडायचं असेल तर रडू. मलाही रडायचं राहिलंय, आणि त्यासाठी तुझ्याशिवाय दुसरं माणूस मला नाही.

होळीला सुट्टी असेल. आलीस तर बरंच. नाही आलीस, तर मी समजेन की कारण घोडा नव्हताच, मी होतो. तसं असेल तर तेही कळव, पण कळव.

तुझी वाट पाहणारा,
बाबा