दादांनी सही केलेला कागद

१८ जुलै, रविवार. गाव.

दादांना, माझ्या वडिलांना, जाऊन पाच दिवस. आज जलदानविधी. मंडपात माणूस मावेना.

यातले निम्मे लोक दादांना 'बायकोचा धोबी' म्हणायचे. का, तर दादा मायची लुगडी नदीवर नेऊन धुवायचे, तेही गाणं म्हणत. आज त्याच लोकांनी बुंदी वाढून घेत घेत डोळे पुसले. "असा माणूस व्हनार न्हाई." तिसऱ्यांदा बुंदी मागणारा सर्वांत जास्त रडला.

मग जीप आली. भाऊसाहेब. बहात्तरच्या दुष्काळात खडीच्या कामावर हे मुकादम होते, दादा हजेरी कारकून. आता लातूरचा वेगळा जिल्हा व्हायचाय, तर मुकादमाचे पुढारी झाले, भाऊसाहेब. पुढं नुसतं भा. लिहीन. पूर्ण लिहायला हात होत नाही.

भा.नं माझ्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, मी हाय." अत्तराचा वास. ते गेल्यावर न्हाणीत जाऊन डोकं धुतलं. घरात दोनच घागरी पाणी होतं, तरी धुतलं. मायनं पाहिलं.

१९ जुलै

धाकटा भाऊ मिलिंद सकाळपासून खुशीत. बाप जाऊन आठवडा नाही. विचारलं तर म्हणे, भा. गावात वाचनालय काढतोय, दादांच्या नावानं. नव्या जिल्ह्याच्या निमित्तानं उद्घाटन. थोरली लेक, शिकलेली, सरकारी दवाखान्यात सिस्टर, म्हणून दादांवर चार शब्द मी वाचायचे.

"तुला काय मिळणार?" मी.

"काय न्हाई. कलेक्टर कचेरीत भरती निघालीय. भाऊसाहेब शब्द टाकतो म्हनले."

एकवीस वर्षांचा आहे. दादांसारखं नाक. त्या नाकाकडं बघून जास्तच राग आला.

२४ जुलै. नांदेड.

परवा ड्युटीवर आले. वॉर्डात उलट्या-जुलाबाचे पेशंट. यंदाही पाऊस नाही, लोक डबक्यातलं पितात. वासाचं काही वाटत नाही मला. माणसांचं वाटतं.

दादा गेले ते नोकरीच्या गावी, मुदखेड स्टेशनच्या बाकावर. कुठं जायचं नव्हतं त्यांना. ऑफिस सोडून नुसत्या गाड्या बघायला बसायचे. साहेब ओरडायचा. "साहेब, आज आभाळ लई झ्याक होतं," असं लेखी उत्तर दिलं होतं एकदा. तीन नोकऱ्या सोडल्या. चौथी टिकली, कशी कोण जाणे.

आणि घर? आम्ही दोघी बहिणी. अंगणात बसवून आमच्या वेण्या घालायचे. माझी घट्ट, रत्नाची सैल, कारण रत्ना रडायची. मला विहिरीत पोहायला शिकवलं. काठावर बायका पदर तोंडाला लावून बघत होत्या. अर्धापूरला असताना तंबूतला सिनेमा आला की एका सायकलवर पाच जण. माय दांडीवर, रत्ना मायच्या मांडीवर, मी न मिलिंद मागं. तंबू येईपर्यंत दोनदा पडायचो.

होस्टेलवर "शनिवारी येतो" म्हणून सोमवारी आले. काखेत जिवंत कोंबडी, वॉर्डनबाईसाठी. मला लाज वाटली होती. तेव्हा बोलले नाही त्यांच्याशी. मूर्ख मी.

३० जुलै

मि.चं (मिलिंदचं) पाकीट आलं. आत छापायचा मजकूर, मी वाचायचा तो. कुणी लिहिला माहीत नाही.

"कै. किसनराव हे शिस्तप्रिय, मितभाषी व निर्व्यसनी..."

मितभाषी! दादा बैलाशी बोलायचे. कानावर बिडी असायची, अंघोळीच्या वेळी सोडून.

पुढं: "बहात्तरच्या भीषण दुष्काळात मा. भाऊसाहेबांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी गोरगरिबांना सुकडी वाटली."

इथं शिसारी आली. खरंच. बेसिनपाशी जाऊन हात धुतले.

मी चौदा वर्षांची होते. खडी फोडणाऱ्यांसाठी सरकारातून खायला कोरडी सुकडी यायची. पोती भा.च्या गोदामात, आणि गोदामातून मागच्या मागं लातूरच्या बाजारात. बायका दिवसभर उन्हात, पोटात पाणी. एका दुपारी दादांनी घणानं कुलूप तोडलं आणि पोती आणून बायकांच्या पदरात रिकामी केली. भा. आडवा आला तर म्हणाले, "मुकादम, तू बी घे की पदर पसरून." मी होते तिथं. माझ्या ओढणीत पण घातली.

चोरीचा आळ घेऊन सस्पेंड केलं. आठ महिने. मग चौकशी झाली, निर्दोष सुटले, अर्धापूरला बदली. दादा एवढंच सांगायचे, "सुटलो बाबा."

आणि आता म्हणे मार्गदर्शनाखाली.

मि.ला पत्र टाकलं. सात ओळी. पाच शिव्या.

३ ऑगस्ट

मि. स्वतः आला नांदेडला. दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसलो. पिशवीत मायनं दिलेली ज्वारीची भाकरी, ठेचा. दोघांनीही खाल्लं नाही.

"वाच की अक्का. कागदच हाय. दादा आता येनार हायेत का ऐकायला?"

"म्हणून काहीही वाचू? भा. चोर होता. मी लोकांसमोर सांगणार."

मि.नं चपलेनं माती उकरली. मग म्हणाला, "दादा सुटले नव्हते, अक्का. त्यांनी लिहून दिलंय. 'पोती मी घरी नेली, चूक झाली, माफी असावी.' खाली सही. कागद भाऊसाहेबाकडं हाय. त्यानं दाखवला मला."

खोटं आहे म्हणाले. ओरडलेच. पेशंटचे नातेवाईक बघायला लागले.

"सही वळखतो मी. 'स'ला शेपूट काढायचे तसलंच."

त्याला बसवर बसवायला गेले नाही.

६ ऑगस्ट. गाव.

रजा टाकून आले. अहमदपूर, लातूर, तिथून शिरूर अनंतपाळची गाडी. लातुरात कमानी उभ्या राहायल्यात. प्रत्येक कमानीवर हसणारे चेहरे. दहा वर्षांपूर्वी यातल्या कुणी कुणी काय काय विकलं, ते विचारायला पाहिजे.

माय चुलीपुढं. सरळ विचारलं. सही केली होती का?

"हाव."

एवढंच. तवा उतरवला. मग बोलली. तिचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवते:

"मी खडी फोडायले जायची. रत्ना पोटात, आठवा म्हैना. त्याला कुठं कामावर घेईनात. सकाळी मला सोडाया यायचा, सांजी न्यायला. दिवसभर रस्त्याच्या कडंला बसून माझ्याकडं बगायचा. एक दिवस मी चक्कर येऊन खडीवर पडले. त्यानं उचललं न्हाई मला, आदी गाडीवाटंला गेला अन् वकला. मंग आला. दुसऱ्या दिशी जाऊन सही केली. म्हनला, नोकरी देतेत परत, लांब बदली करतेत."

"तू अडवलं नाहीस?"

"कशाला अडवू? मला फोडवना झालतं."

आणि त्याच दिवशी दादांनी आमच्यासाठी बर्फाचं गारेगार आणलं होतं. मला आठवतंय. लाल. आम्ही जिभा काढून एकमेकांना दाखवल्या. दादांनी पण काढली.

७ ऑगस्ट

दिवसभर जेवले नाही. कुणाचा राग करावा कळेना. दहा वर्षं मैत्रिणींना, होस्टेलवर, दवाखान्यात अभिमानानं सांगत आले: माझा बाप वाकला नाही. ते छापील कागदवाले दादांना धुऊन पुसून ठेवतात. मी काय वेगळं केलं?

स्वतःचाच वीट आला.

माय म्हणाली, "जेव. त्याच्यापायी उपाशी ऱ्हायलीस तर त्याला आवडंल का?"

जेवले.

११ ऑगस्ट. लातूर.

भा.च्या घरी गेले. एकटी. नवा बंगला, पुढच्या खोलीत पंचवीस माणसं, सगळ्यांच्या हातात अर्ज. प्रत्येक माणूस हसत होता. कारण नसताना हसणारी इतकी माणसं एका खोलीत बघून मी दाराकडं तोंड करून बसले.

मला आत बोलावलं. चहा, बशीत काजू. हात लावला नाही.

"कागद द्या आमचा."

"कोनता गं?" मग हसला. "अगं, तो जपून ठेवला म्या. दुसऱ्याच्या हातात पडला असता तर? तुज्या बापाला मीच वाचवलं, पोरी. लई चांगला मानूस. नुस्ता येडा होता."

"द्या."

"कार्यक्रम होऊ दे नीट. तू वाच. मंग तुज्याम्होरं फाडतो. मिलिंदचं बी बगतो."

गोड बोलत होता. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. निघताना त्यानं काजू कागदात बांधून माझ्या पिशवीत टाकायला लावले. फाटकाबाहेर आल्यावर फेकले. एक म्हातारा वेचायला वाकला. तेव्हा माझीच किळस आली.

२१ ऑगस्ट. गाव.

जिल्हा झाला. तीन दिवस फटाके. पाऊस काही झाला नाही.

उद्या कार्यक्रम. मी माझं पान लिहिलंय. सगळं. कुलूप, पदर, खडी, सही. मि.ला वाचायला दिलं. लपवून केलं असं नको.

त्यानं दोनदा वाचलं. "दादाला चोर म्हनतील लोक."

"म्हणू दे. सही आहेच ना."

"आन् माजं?"

मी पानाची घडी घातली. तो उठून गेला. रत्ना त्याच्या मागं धावत गेली. तिला यातलं काही माहीत नाही. तिच्यामुळं सही झाली, हे कधी कुणी तिला सांगायचं? उद्या माइकवरून ऐकणार ती? मायला विचारलं. माय तिला घेऊन नदीकडं गेली. परत आल्या तेव्हा रत्नाचा चेहरा सुजलेला. येऊन माझ्याजवळ बसली. "अक्का, येनी घाल. घट्ट."

२२ ऑगस्ट, रविवार

आत्ताच घरी आले. जमेल तसं लिहिते.

शाळेसमोर मंडप. दादांचा फोटो, कुठला तरी ओळखपत्रावरचा मोठा केलेला. चेहरा गंभीर. दादा असे कधीच दिसले नाहीत. शेजारी अध्यक्ष म्हणून भा.चा फोटो, त्याहून मोठा.

माझं नाव पुकारलं. वाचलं. बिडी, सायकल, लुगडी वाचलं तेव्हा लोक हसले, मोकळे हसले. मग गोदाम वाचलं. मग सही. "माझ्या वडिलांनी न केलेल्या चोरीच्या कबुलीवर सही केली, कारण माझी आई खडीवर पडली होती. तो कागद अध्यक्षांकडे आहे. त्यांनी तो इथं वाचून दाखवावा."

मागून गंगाबाई उठली. सत्तरीची आहे, तेव्हा खडीवर होती. "किसननं पोती घरी न्हेली, तर आमी काय खाल्लं? माती?" तिच्या मागं आणखी चार-पाच जणी उभ्या राहिल्या. पदर पसरून दाखवायल्या.

मला वाटलं, संपला भा.

तो उठला आणि टाळ्या वाजवायला लागला. सगळ्यांच्या आधी. "अशी लेक पायजे! असं धाडस पायजे!" माझ्या गळ्यात हार घातला. मग माइक घेऊन म्हणाला, ते दिवसच तसले होते, वरून दबाव होता, किसनला जेलात घालायला निघाले होते, मी अर्धी चूक त्याच्याकडून लिहून घेऊन त्याला सोडवलं, दहा वर्षं हे दुःख काळजात घेऊन फिरतोय. डोळ्याला रुमाल.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच लोकांनी. कागद काढला नाहीच. फीत कापली. पेढे.

हार तोडून काढला. दोरा मानेला कापला.

गंगाबाईनं पेढा घेतला नाही. माय न ती हात धरून घरी चालत गेल्या. मी मागून.

२ सप्टेंबर. नांदेड.

मि. आलाय. कचेरीतून मुलाखतीचं पत्र आलं त्याला, लातूरचं, सोमवारी बोलावलंय. त्याचे मार्क चांगले आहेत, मार्कांवरही येऊ शकतं. किंवा भा.नं उपकार म्हणून शब्द टाकला असेल, आमची तोंडं बंद करायला. यातलं कुठलं खरं, कळायला मार्ग नाही.

"जाऊ का, अक्का?"

आधी असतं तर ताडकन सांगितलं असतं, दादा काय म्हणाले असते ते. आता सांगता येत नाही. कुलूप तोडणारा माणूस काय म्हणाला असता ते माहीत आहे. माय पडल्याच्या दुसऱ्या दिवशी जाऊन सही करणाऱ्याचं नाही.

दादा मुलाखतीला गेले असते, की पत्र फाडून गाड्या बघायला गेले असते?

मि. पत्र मांडीवर ठेवून बसलाय. दोनदा विचारून झालं. भात टाकलाय मी, शिजेपर्यंत काहीतरी बोलावं लागेल.