ओहमसाहेबांची चूक

सोमवार, ३. संध्याकाळी ७.
मुलीला विज्ञानाच्या चाचणीत विसापैकी सहा. धडा विजेचा. बाईंनी सांगितलंय, सतरा तारखेच्या फेरचाचणीत पंधरा मिळाले तरच पुढच्या वर्षी विज्ञान गटात घेऊ. मुलीला विज्ञानच हवंय. आल्यापासून तोंड पाडून बसली आहे. बायको म्हणाली, मी बघू का जरा? तिला समजावलं की तू दिवसभर कारखान्यात हीटरच्या कॉइल तपासतेस, दमून येतेस. शिवाय ते हातकाम, ही थिअरी. घरात शिकलेला बाप असताना काळजी कसली? ठराव: रोज सात ते आठ मी स्वतः शिकवणार. शाळेत मला विज्ञानात फार गती होती. पुढे कॉमर्सला गेलो ही गोष्ट वेगळी.

मंगळवार, ४.
पहिला धडा. झकास झाला. गणित: व्होल्टेज २२०, करंट अर्धा अँपिअर, रोध काढा. मी गुणाकार करून ११० ओहम काढून दाखवले. पुस्तकात मागे उत्तर ४४०. छपाईची चूक. हल्ली पुस्तकं तपासतं कोण? मुलगी हळूच म्हणाली, बाबा, रोधासाठी भागायचं असतं ना? गुणलं की वॉट येतात. शाबासकी दिली. म्हटलं, तुझं लक्ष आहे की नाही तेच बघत होतो.

गुरुवार, ६.
काल शिकवणी नाही. डोकं दुखत होतं, शिवाय मॅच होती. आज लक्षात आलं, नुसत्या आकडेमोडीत अर्थ नाही, प्रयोग हवा. येताना मल्टिमीटर आणला. माहितीपत्रक वाचायची गरज वाटली नाही. बॅटरी तेवढी उलटी बसली होती, ती बायकोने जाता जाता सरळ करून दिली. हाताची सवय, दुसरं काय.

रविवार, ९. सकाळी ११.
ऐतिहासिक दिवस! टेबललॅम्पमधला जुना पिवळा बल्ब काढून त्याचा रोध मोजला. बल्बवर छापलंय, २२० व्होल्ट, १०० वॉट. म्हणजे हिशेबाने रोध ४८४ ओहम. मीटर म्हणतो ४०. सात वेळा मोजलं. ४०! मग उलट बाजूने हिशेब केला: २२०चा वर्ग भागिले ४० म्हणजे १२१० वॉट. टेबलावरचा एवढासा दिवा बाराशे वॉट खाईल? शक्य नाही. मीटर नवा कोरा, मोजणारा मी. तेव्हा चुकला तो ओहम.

बायकोला सांगितलं. ती भाजी चिरत होती. म्हणाली, अहो, पण पेटलेल्या बल्बचं काय? मला हसू आलं. पेटलेल्या बल्बला असा मीटर लावतात का? एवढी वर्षं कारखान्यात काढून हे माहीत नसावं! ती बरं म्हणाली आणि पुन्हा भाजीकडे वळली.

सोमवार, १०.
बाईंना पत्र: 'ओहमच्या नियमातील एक गंभीर त्रुटी'. चार पानं, आकृतीसह. मुलीच्या हाती दिलं. ती म्हणाली, बाबा, फेरचाचणी झाल्यावर दिलं तर नाही का चालणार? मी म्हटलं, विज्ञान कुणासाठी थांबत नाही. तिने पत्र दप्तरात अगदी तळाशी ठेवलं. जपून ठेवलं असणार.

बुधवार, १२.
बाईंचं उत्तर नाही. पचायला वेळ लागणारच. मुलीची प्रगती मात्र थक्क करणारी. मी गणित वाचून संपवेपर्यंत हिचं उत्तर तयार. रोधही, वॉटही. शेवटी पद्धत महत्त्वाची. ऑफिसात तीन जणांना सांगितली.

शुक्रवार, १४.
पहाटे साडेपाचला तहान लागली म्हणून उठलो. स्वयंपाकघरात मायलेकी वही उघडून बसलेल्या. बायकोच्या हातात कॉइलची तार. मला बघताच मुलीने वही मिटली. म्हणाली, आईला कारखान्यातला एक हिशेब समजत नव्हता. बिचारी! नवऱ्याला विचारायची लाज वाटली असेल.

सोमवार, १७.
फेरचाचणी झाली. मुलगी म्हणाली, चांगली गेली. शेवटचा प्रश्न काय होता विचारलं, तर पाणी प्यायला उठून गेली.

गुरुवार, २०. संध्याकाळी ७.
अठरा! विज्ञान गट पक्का. ऑफिसातल्या हेडक्लार्कना फोन केला, माझी पद्धत पुन्हा समजावली. मग पेपर बघायला घेतला. सगळं बरोबर. शेवटचा प्रश्न दोन मार्कांचा, तिथे जागा कोरी. प्रश्न असा: 'एका गृहस्थांनी २२० व्होल्ट, १०० वॉटच्या बंद बल्बचा रोध मोजला. तो ४० ओहम आला. त्यावरून त्यांनी ओहमचा नियम चुकीचा ठरवला. गृहस्थांचे काय चुकले?'

दोनदा वाचला. गृहस्थ ओळखीचे वाटले. म्हणजे माझं पत्र बाईंना पोचलं होतं.

मुलीला विचारलं, हे येत नव्हतं? म्हणाली, येत होतं. आईने शिकवलंय, रोज पहाटे. मग लिहिलं का नाहीस? बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत राहिली. मग म्हणाली, बाकीचे अठरा पक्के होते, बाबा. तुमची चूक मी बाईंना कशाला लिहून देऊ?

म्हणजे रोज सात वाजता ही पोर सगळं येत असताना माझ्यासमोर बसत होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि ती इतकी आवडली की सांगता सोय नाही.

शुक्रवार, २१. संध्याकाळी ७.
तो प्रश्न मी सोडवायला घेतला. आधी बायकोकडून नीट समजून घेतला. तिने सांगितला, एकदाही न हसता. उत्तर लिहिलं: बंद बल्बमधली तार थंड असते, तेव्हा रोध कमी. बल्ब पेटल्यावर रोध दहा-बारा पट होतो. गृहस्थांनी थंड बल्ब मोजला. ओहमसाहेबांचं काहीही चुकलेलं नाही.

बायकोने लाल पेनाने तपासलं. दोनपैकी एक. पेटल्यावर तार तापते म्हणून रोध वाढतो, हे कारणच लिहिलं नाही म्हणे. मुलगी मध्ये पडली, बाबांना अर्धा तरी वाढवून दे म्हणाली. बायको नाही म्हणाली.