गाडीसोबत येणारी बहीण

दि. ६ जानेवारी

ती. ताईस,
ठमीचा सा. न. वि. वि.

आज सकाळी चादरी मोजताना एकदम डॉक्टरांची गाडी आठवली. लहानपणी रविवारी आपण तिघं ती धुऊन द्यायचो आणि बदल्यात डॉक्टर आपल्याला अर्धा तास आत बसू द्यायचे. दादा कायम स्टीअरिंगच्या चाकापाशी, तू शेजारी, मी मागे. माझी पाळी आली की दादा म्हणायचा, थांब, अजून घाट संपला नाही. गाडी जागची हलत नव्हती, पण मला त्या घाटात खरंच मळमळायचं.

आठवण्याचं कारण दादाचं पत्र. तीन वर्षांत पहिलं, तेही चार पानी. तुझा नवरा गेल्यापासून तू तिथे एकटी कशाला कुढतेस, कायमची घरी ये, मागची खोली तुझ्यासाठी तयार करतोय, असं लिहिलंय. ताई, मी ते इस्पितळाच्या कापडखोलीत, चादरींच्या ढिगाआड बसून वाचलं आणि रडले. अकरा वर्षं मी परक्यांच्या रक्तापुवाचे डाग तपासतेय. उकळत्या सोड्याच्या वासाची आता किळस येते. जेवणालाही तोच वास येतो.

गाडीचं तुला ठाऊक नसेल. गेल्या वर्षी दादाने एका ओळखीच्या माणसाकरवी निरोप धाडला, त्यावरून मी माझ्या शिलकीतून इथे एक जुनी मोटार घेतली. परदेशात राहून कायमचं परतणाऱ्या माणसाच्या नावावर गाडी वर्षभर असली, तर ती घरी नेताना सवलत मिळते म्हणे. तिकडच्यापेक्षा निम्म्यात पडते, असा त्याचा हिशोब. मला काही चालवता येत नाही. आधीच्या मालकाचा कुत्रा मागच्या सीटवर झोपायचा. वर्षभर घासूनही तो वास जात नाही, ओल्या कांबळ्यासारखा. शेजारचे काका पूर्वी बस चालवायचे. ते दर रविवारी गाडी सुरू करून बघतात आणि नाक दाबून बाहेर येतात.

नोकरीचा राजीनामा दिलाय, मार्चअखेर खोली सोडतेय. तू एकदा जाऊन ती मागची खोली बघून येशील? शिवणयंत्र खिडकीपाशी बसेल का, सकाळचं ऊन येतं का, एवढं कळव. तुझी माया आहे तेवढी असू दे. वाढली तर मी नको म्हणणार नाही.

तुझी,
ठमी

दि. २४ जानेवारी

चि. ठमीस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

राजीनामा मागे घे. पुढचं नंतर वाच, आधी ते करून ये.

परवा मी दादाकडे गेले होते. मागच्या खोलीला खिडकी नाही. खिडकीची भिंतच पाडलीय आणि तिथे लोखंडी शटर बसवलंय. पुढे सिमेंटचा उतार, अजून ओला, त्यावर मांजराची पावलं. गवंड्याला विचारलं तर म्हणाला, गाडी आत आल्यावर तिची दोन्हीकडची दारं पूर्ण उघडली पाहिजेत, अशी साहेबांची ऑर्डर आहे. मग ठमी कुठे झोपणार, असं मी वहिनीला विचारलं. ती म्हणाली, बोळात घडीची खाट टाकू, तीन-चार महिन्यांचाच तर प्रश्न आहे. कागद झाले की ती जाईल परत, तिला तिकडचीच सवय. हे ती नखं रंगवत म्हणाली गं, एक हात झाल्यावर त्यावर फुंकर मारत. त्या रंगाच्या वासाने की बोलण्याने कोण जाणे, मला अशी शिसारी आली की मी तोंडावर पदर धरून बाहेर पडले.

माझा एक जुना विद्यार्थी बंदरात लोकांचा माल सोडवून द्यायचं काम करतो. त्याला गाठलं. तो म्हणाला, बाई, तुम्ही फळ्यावर मांडायचात तसं मांडून दाखवतो. सवलत म्हणजे जुनी गाडी आणायची फक्त परवानगी, पैशांची सूट नव्हे. जकात तुम्ही मोजलेल्या किमतीवर नसते, ती गाडी कोरी असताना जी किंमत होती त्यावरून धरतात. शिवाय बोटीचं भाडं, बंदरात जितके दिवस उभी राहील तितक्या दिवसांचं भाडं, तपासणी. चाक उलट्या बाजूला, सुटे भाग मिळायची मारामार. सगळं मिळून, इथे दुकानातून कोरी घ्यावी त्याच्या सव्वापट पडते.

मी हे दादाला सांगितलं. तो म्हणाला, असेल, पण तशी गाडी आख्ख्या गल्लीत कुणाकडे नाही. म्हणजे बचतीचंही खोटंच, ठमे. त्या सगळ्या व्यवहारात फुकट एकच गोष्ट आहे, ती तू.

माझ्याकडे दीडच खोली, त्यात तुझ्या भाऊजींचा खोकला. तरी ये म्हणते. आपल्या शाळेतल्या सिस्टर म्हणायच्या तसं, आधी उभी राहा, मग काय रडायचं ते रड. आणि उत्तर लगेच टाक, नाहीतर मी इथल्या पोस्टमनचं डोकं खाईन.

तुझीच,
ताई

दि. ९ फेब्रुवारी

चि. ठमीस,
दादाचे आशीर्वाद.

सोबतच्या फॉर्मवर पेन्सिलीने फुली मारली आहे तिथे सही कर. 'मी कायमची परत येत आहे' एवढंच वाक्य आहे. लिहिलं म्हणजे राहायलाच हवं असं थोडंच आहे?

ताईचं मनावर घेऊ नकोस. शाळा सुटली तरी तिच्या हातातली छडी सुटत नाही. खोलीचं तिने तिखटमीठ लावून कळवलं असणार. अगं, गाडी बाहेर ठेवली तर उन्हाने रंग उडतो. माणसाचं तसं नसतं, माणूस कुठेही अ‍ॅडजस्ट होतो. चाक उलट्या बाजूला आहे, याचीही तिला काळजी! पुढच्या गाडीला मागे टाकताना शेजारी बसलेल्याने रस्ता बघून सांगायचं, झालं. असशील तोवर तू सांग. जकात थोडी जास्त पडली तर पडली, एवढा विचार करत बसलं की कुणाचंच काही होत नाही.

एक महत्त्वाचं. गाडीत सामान भरून पाठवू नकोस, तुझ्या त्या शिवणयंत्राने सीटला चरे पडतील. कुत्र्याच्या वासाचं मला ताईकडून कळलं. तू का लपवलंस? बोटीवर चढवण्याआधी दोनदा शाम्पूने धुऊन घे.

वहिनी आठवण काढते. तब्येतीला जप, आणि फॉर्म उलट टपाली.

तुझा,
दादा

दि. २ मार्च

ती. ताईस,
ठमीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा तुझाच राग आला. चार दिवस मनातल्या मनात तुला खोटं पाडत होते. राजीनामाही मागे घेतला नाही. मग दादाचं पत्र आलं. खरं सांगते, मी सही करायला बसले होते. फॉर्मवरचं ते वाक्य मला इतकं हवं होतं, की मी ते तीनदा मोठ्याने वाचलं. त्यानंतर त्याचं पत्र पुन्हा वाचलं आणि शिवणयंत्राच्या ओळीवर अडकले. अकरा वर्षं घाणेरड्या चादरी उलगडल्या, ताई, पण त्या कागदाला हात लावताना जेवढी घाण वाटली तेवढी कधी वाटली नव्हती. उठून साबणाने हात धुतले, तेव्हा बरं वाटलं. तो उकळत्या सोड्याचा वाससुद्धा याच्यापेक्षा प्रामाणिक.

दुसऱ्या दिवशी राजीनामा मागे घ्यायला गेले, तर माझ्या जागी दुसरी बाई आधीच नेमलेली. मुख्य बाईंनी आठवड्याचे तीन दिवस दिले, तेही तोंड वाकडं करून. घरमालकिणीने खोली ठेवली, मात्र आता तिचं एक मोडकं कपाटही माझ्याबरोबर राहतं. गाडी विकली. इथे एक सुईण आहे, बाळंतपणांसाठी गावोगाव हिंडते. ती आत बसली, वास घेतला आणि म्हणाली, याहून वाईट मी रोज हुंगते. घेतली होती त्याच्या पाऊण किमतीत गेली.

फॉर्म दादाला तसाच परत पाठवला, कोरा. सोबत एवढंच लिहिलं, की मी कायमची येत नाही आणि तीन-चार महिन्यांसाठीही येत नाही. तुझ्या दीड खोलीचं आमंत्रण मात्र मी ठेवून घेतलंय. कामाचे दिवस वाढले की तिकीट काढेन, जायचं आणि यायचं दोन्ही. तोवर हवं तेवढं रागव, पण पत्र चुकवू नकोस.

तुझी,
ठमी

ता. क. घरीच यायचं म्हणून मी जानेवारीतच एक पेटी बोटीने तुझ्या पत्त्यावर पाठवली होती. ती आता पोचेल. उघडून वाटून टाक. राखाडी शाल तुला. छातीला गुंडाळायचं फ्लॅनेल भाऊजींना. रंगांची पेटी दादाच्या मुलीला, तिचा यात काय दोष. ती शाळेतून येताना रस्त्यातच दे. वहिनीसाठी घेतलेले लोकरी हातमोजे तुझ्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंना. चार चादरी मी माझ्या पलंगासाठी शिवल्या होत्या, त्या तुझ्या विद्यार्थ्याला दे. त्याने गणित नीट मांडलं. तळाशी दादासाठी विणलेला मफलर आहे. तो त्यालाच दे, थंडीत त्याचा घसा बसतो. स्वतः जाऊन दे. चहाला थांबू नकोस.