खुब्याला शेक

४ नोव्हेंबर
चाळीस वर्षं पावाच्या भट्टीसमोर काढलेल्या माणसाला आज एका पोरीने शेक म्हणजे काय ते समजावलं! फिजिओथेरपीवाली. खुब्याच्या हाडाला रक्त पोचत नाही म्हणे, हाड आतून ढासळतंय. बारा दिवस शेक आणि व्यायाम, मग बघू. मुलानेही तेवढीच मुदत दिलीय — "बाबा, दोन तास उभं राहून दाखवा, मग भट्टी तुमची." नाहीतर ती पाडून विजेचा ओव्हन. बटण फिरवून पाव भाजणार, चिरंजीव!

५ नोव्हेंबर
शेकाआधी रोज परीक्षा. मी डोळे मिटायचे, ती मांडीला काचेच्या दोन नळ्या लावणार — एकीत गरम पाणी, एकीत गार. "काका, सांगा बरं कुठली?" बालवाडी उघडलीय. कातडीला चटका कळत नसेल तर शेक द्यायचा नाही, असा नियम.

खुब्याखालची वीतभर जागा गेलं वर्षभर बधिर आहे. ते या वहीपलीकडे कुणाला कळायचं कारण नाही. शेक बंद झाला की भट्टी गेलीच. गरम नळी ती फडक्यात धरते. डोळे किलकिले केले की काम झालं. दहापैकी दहा. कॉलेजात एवढं शिकली, पण हे काही शिकवलेलं दिसत नाही.

६ नोव्हेंबर
दहापैकी दहा.

८ नोव्हेंबर
शेजारच्या कॉटवरचे निवृत्त साहेब गुडघ्यावर गरम पॅक ठेवला की "आहाहा" करतात. गुडघा शेकतायत की पाहुणचार घेतायत, कळत नाही. मी पोरीला म्हटलं, ही काय थट्टा आहे? माझ्या पॅकखालचा एक टॉवेल कमी कर.
"नको काका, भाजेल."
"मला शिकवू नकोस. भट्टीच्या तोंडाशी नुसता हात धरून ताव सांगतो मी."
ती साहेबांकडे वळली तेव्हा टॉवेल मीच काढला.

९ नोव्हेंबर
फोड. तळहाताएवढा. मला पत्ताच नाही. विजार बदलताना हिने पाहिला आणि घर डोक्यावर घेतलं. "अहो, एवढं भाजलं आणि तुम्ही गप्प?" बायकोला काय सांगणार?

१० नोव्हेंबर
मुलाने दवाखान्यात जाऊन तमाशा केला. मोठे डॉक्टर पोरीला सगळ्यांदेखत बोलले. "महिनाअखेरपर्यंत दुसरीकडे बघ." ती एवढंच म्हणाली, "मी टॉवेल मोजून लावले होते." डॉक्टरांच्या बोलण्यावर शेजारच्या साहेबांनीही मान डोलावून घेतली. बिनकण्याचा माणूस.

मी काही बोललो नाही. पेशंटकडे पाठ करायचीच कशाला? चूक तिचीच.

जेवण गेलं नाही. औषधांमुळे असेल.

१२ नोव्हेंबर
शेक बंद, नुसता व्यायाम. तरी पोरीने नळ्या काढल्या. आज दोन्ही फडक्यात! अंदाजाने ठोकून दिलं — आधी गरम, मग गार. वर सुनावलंही, पाणी नीट तापवत जा. तिने माझा हात धरून दोन्ही नळ्या तळव्यावर ठेवल्या.

दोन्ही गार.

१३ नोव्हेंबर
पोरीने कुणालाच काही सांगितलं नव्हतं. मोठ्या डॉक्टरांना मीच सांगितलं, मुलाला शेजारी उभं करून. बधिर जागेचं, नळ्यांचं, टॉवेलचं. तिची नोकरी राहिली. सोमवारी भट्टी पाडायला माणसं येतायत.