काचेच्या फलकाची किल्ली

चिमण्यास (शाळेत मात्र मुख्याध्यापक सर),

सकाळी ग्रंथालयात येऊन तू मला फर्मावलंस, "ताई, भित्तिपत्रकातला तो लेख आजच्या आज काढ. शाळेची अब्रू वेशीवर टांगलीये पोरीनं!"

नववीतल्या त्या पोरीनं लिहिलंय एवढंच, की मुली गप्पा मारत बसतात म्हणून मधली सुट्टी संपली की तू त्यांच्या स्वच्छतागृहाला कुलूप लावतोस, आणि म्हणून त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत. यात खोटं काय आहे, सांग ना.

एक ओळ मलाही खटकली होती. गणिताच्या बाई बोलताना अडखळतात, त्याची तिनं नक्कल केली होती. मी तिला समोर बसवून विचारलं, "बाईंच्या बोलण्याचा त्या कुलपाशी काय संबंध?" ती ओशाळली आणि तिनं स्वतःच ती ओळ खोडली. यापुढे माझी कात्री जाणार नाही.

तूही नववीत असताना गळक्या वर्गावर असंच लिहिलं होतंस. छप्पर दुरुस्त झालं, तेव्हा तुझं कौतुक सगळ्यांना सांगत मीच फिरले होते. विसरलास?

हे पत्र मी तुला देणार नाही. फलकाची किल्ली मागायला तू येशीलच, तेव्हा तोंडावर सांगेन. लेख काचेआड कुलपात आहे आणि किल्ली मी आत्ताच झरोक्यातून मुलींच्या स्वच्छतागृहात टाकलीये. ती हवी असेल, तर आधी तुझं कुलूप काढावं लागेल.

तुझी ताई,
ग्रंथपाल (अजून तरी)