जुलैचे मृगळ

तळोदा,
९ जून

प्रिय संध्या,

तुझा मेसेज येऊन नऊ दिवस झाले. मधे दोनदा तुझा फोन आला, तो मी उचलला नाही. कामात आहे असं कळवलं, पण कॉलेजला सुट्टी आहे हे तुलाही माहीत आहे. तू विचारलं होतंस तेवढंच: काका, तुमच्या एम.फिल.च्या वेळची मोजमापांची वही मिळेल का, जुलैची पानं हवी आहेत. वही या पत्रासोबत कुरिअरने पाठवतो आहे. तिच्यात नोव्हेंबर ते जून असे आठ महिने आहेत. जुलैचं पान नाही. ते हरवलेलं नाही, फाडलेलंही नाही. ते लिहिलंच गेलं नव्हतं. छापलेल्या प्रबंधात जुलैचा तक्ता आहे आणि वहीत नाही, याचं कारण तुझ्या वडिलांशी जोडलेलं आहे, म्हणून फोनवर सांगता येईना. मला लिहिण्याची सवय नाही. जसं आठवेल तसं लिहितो.

जामसिंगची आणि माझी ओळख इथेच झाली, अकरावी सायन्सला. मी धानोऱ्याचा, तो काठी गावाच्याही पुढचा, नर्मदेच्या काठचा. आम्ही एका बाकावर बसायचो. सर प्रश्न विचारायचे तेव्हा आम्ही दोघंही गप्प, कारण दोघांनाही शाळेचं मराठी तोंडात बसत नव्हतं. बाहेर आल्यावर मात्र तो माझ्याशी अहिराणीत बोलायचा, वसतिगृहात पोरांकडून शिकलेली, आणि माझ्यापेक्षा ठसक्यात. बारावीत त्याची शाळा सुटली. धरणाचं पाणी त्यांच्या शेतात चढलं होतं आणि घर वर डोंगरावर न्यायला माणसं हवी होती. मी पुढे शिकत राहिलो. तो दोन वर्षं गुजरातेत ऊस तोडून परत आला, तोवर गावात मच्छीमारांची सोसायटी निघाली होती. त्याने जाळं घेतलं. मी पहिल्यांदा त्याच्या नावेत बसलो तेव्हा एका जागी त्याने वल्हं थांबवलं आणि सांगितलं, इथे खाली आमचा मका होता. मग तिथेच जाळं सोडलं.

मासा काय खातो त्याप्रमाणे त्याचं आतडं कसं असतं, हा माझा विषय. तू आता हे माझ्यापेक्षा चांगलं जाणतेस, पण तुझे वडील ते कसे शिकले हे तुला कुणी सांगितलं नसेल. पहिल्याच दिवशी आम्ही तुमच्या ओट्यावर ओल्या फळीवर एक मरळ आणि एक मृगळ शेजारी ठेवून उघडले. मरळाला पिशवीसारखं जठर, त्यात गिळलेली अख्खी मासळी, आणि पुढे सरळ, आखूड आतडं, त्याच्या स्वतःच्या लांबीपेक्षाही कमी. मृगळाला जठरच नाही. घशापासून आतडंच सुरू होतं आणि पोटात त्याची वेटोळी बसलेली असतात. ती सोडवत गेलो तर माशाच्या लांबीच्या आठपट भरली. मी त्याला समजावलं की मांस लवकर पचतं, पण गाळात आणि कुजलेल्या पाल्यात सत्त्व थोडं, ते काढून घ्यायला लांब वाट लागते. जामसिंग हसला आणि म्हणाला की, मंग आम्हनं आतडं मृगळनागतच व्हई. माझ्या घरी मासा चालत नाही हे त्याला ठाऊक होतं. त्यावरून तो मला वर्षभर चिडवायचा, "खास नही, आन् आतडा मोजस!"

हात त्याचा माझ्यापेक्षा हलका होता. आतडं मोजताना ताणायचं नाही, ताणलं की चार-पाच सेंटिमीटर सहज वाढतं. माझ्याकडून ताणलं जायचं. तो फळीवर पाणी मारून बोटाने नुसतं सरकवत न्यायचा आणि शेजारी ओला दोरा लावून मोजायचा. पोटात काय सापडलं तेही तोच आधी ओळखायचा: हा गाळ उथळाचा, हा खोलातला. मासा हाती आला की तो लगेच त्याच्या कल्ल्यात कापडाची चिठ्ठी बांधायचा, तिच्यावर महिना आणि आकडा आधीच लिहून ठेवलेला. दर महिन्याला बारा मृगळ, बारा चिठ्ठ्या. मरळ मिळाला तर मिळाला. आणखी एक गोष्ट त्याने मला सांगितली होती. पहिला पूर आला की अंड्यांवर आलेला मृगळ खात नाही. त्या दिवसांत मासा कापताना सांभाळावं लागतं, कारण उपाशी माशाची पित्ताची पिशवी भरून हिरवी झालेली असते आणि ती फुटली की सगळं कडू. तुझी आई आतून म्हणाली, हे तर आमच्याकडे लहान पोरीला पण माहीत आहे. मी मान डोलावली आणि लिहून घेतलं नाही.

वहीत फेब्रुवारीच्या पानावर चार ओळी खोडलेल्या दिसतील. त्या महिन्यात बारा मासे उघडून, मोजून झाल्यावर जामसिंगला कळलं की त्याच्या भावाने पेटीत चार मृगळ वरच्या ओढ्यातले टाकले होते. माझा अभ्यास धरणाच्या बॅकवॉटरचा. मी म्हटलं, मृगळ तो मृगळ, कुणाला कळणार आहे, आणि पेन उघडलं. त्याने वहीवर पंजा ठेवला. "खोटं लिखशी ते पुढला महिना मासा भेटाव नही, भाऊ." हसत म्हणाला, पण हात काढला नाही. माझी जीप चुकली, एक दिवस मुक्काम पडला, दुसऱ्या दिवशी त्याने चार नवे मासे आणले. खोडलेल्या ओळींच्या शेजारी त्याची सही आहे. ती सही मीच मागितली होती, गमतीने. पुढे जे झालं त्याला ही गोष्ट कारण आहे, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं.

जूनचे मासे झाले आणि पाऊस लागला. मी धानोऱ्याला गेलो, घरी कापसाची निंदणी सुरू होती. जुलैच्या पहिल्या आठवड्यात माझ्या एम.फिल.च्या सरांचा निरोप आला की अहवाल बारा तारखेला द्यायचा, त्यात जुलै धरून नऊ महिने हवेत. मी सरांना म्हणू शकलो असतो की रस्ते बंद आहेत, आठच महिने झाले. म्हटलं नाही. एका दुपारी जूनचं पान समोर ठेवून जुलैचा तक्ता भरला. आकडे थोडे इकडेतिकडे केले. तासभर लागला असेल. बाराला अहवाल दिला, सरांनी चाळला आणि ठीक म्हणाले.

चौदा तारखेला मी तळोद्याला जीपच्या थांब्यावर होतो. तुमच्याकडे तेव्हा फोन लागत नव्हता, निरोप जायचा तो करणसिंगच्या जीपने. मी कागदावर लिहिलं: या महिन्याचे मासे नकोत. घडी घातली आणि मनात आलं, जामसिंग विचारेल का नकोत. आठ महिने एक खाडा न करता मासे दिलेला माणूस, तो विचारणारच. मला फेब्रुवारीतला त्याचा पंजा दिसला. मी कागद फाडला. करणसिंगने विचारलं, काय सांगू त्याला? मी म्हटलं, सांगा, पुढच्या आठवड्यात येतो.

एवढंच सांगितलं. त्याने ते जसंच्या तसं पोचवलं. मी येणार म्हणजे मासे तयार हवेत, असं जामसिंगने धरलं. एकोणीस तारखेला पाण्याला ओढ असताना तो एकटा नाव घेऊन निघाला. तुझी आई नको म्हणाली होती, हे तिने मला पुढे कधीतरी सांगितलं. बुडालेल्या झाडाच्या शेंड्यावर नाव चढली आणि उलटली, असं समोरच्या काठावरच्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी तो सापडला. तू दोन वर्षांची होतीस. निरोप मिळून मी आलो तेव्हा माझ्या पायाला धरून उभी होतीस, मी कोण हे तुला कळत नव्हतं.

परतताना जीपमध्ये मला सुचलं की कागदावर नुसतं "पाऊस फार आहे, पाण्यात उतरू नको" एवढं लिहिलं असतं तरी चाललं असतं. खरं सांगायची गरजच नव्हती. जामसिंगने काहीही विचारलं नसतं. पण लबाडी केलेल्या माणसाला साधं वाक्य सुचत नाही.

मी निघण्याआधी, तिसऱ्या दिवशी, तुझ्या आईने मला प्लॅस्टिकची एक पुडी दिली होती. त्याच्या कमरेला बांधलेली होती, आत पाणी गेलं नव्हतं. तिने विचारलं, हे तुमच्या कामाचं आहे का? आत जुलैच्या चिठ्ठ्या होत्या, त्याच्या अक्षरात, दोऱ्यासकट. सात. म्हणजे पाच मासे मिळाले होते आणि तो बाकीच्या सातांसाठी थांबला होता. मी तिला म्हटलं, हो, कामाच्या आहेत. आणि खिशात टाकल्या.

तुझ्या आईने मला कधी दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. काठीच्या होळीला ती मला माणसांसमोर उभं करायची आणि सांगायची, हे जामसिंगचे दोस्त, यांच्या शिक्षणाच्या कामात तो गेला. तिच्या आवाजात अभिमान असायचा. एकोणीस होळ्या मी ते ऐकून घेतलं. तुझ्या आश्रमशाळेच्या फॉर्मांवर सह्या केल्या, बारावीला तुला घरी ठेवून जीवशास्त्र शिकवलं, जळगावला सोडायला आलो. लोक मला चांगला माणूस म्हणाले. त्यात माया नव्हती असं नाही. पण नुसती माया नव्हती, हे तुला आता कळायला हवं. माघात तिला इथल्या दवाखान्यात ठेवलं तेव्हा, जाण्याच्या आदल्या दिवशी, ती मला म्हणाली, "भाऊ, तुम्ही पोरीला सोडलं नाही." वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात सिस्टर सलाईन बदलायला आली, मी बाटली धरून उभा राहिलो. सिस्टर गेली. तुझी आई जागी होती, माझ्याकडे बघत होती. मी बोललो नाही. तिला त्रास नको म्हणून नाही बोललो, असं मी दोन महिने स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. ती ऐकून काय म्हणेल याची मला भीती वाटली.

आता त्या तक्त्याविषयी. अंड्यांच्या रकान्यात मी "पक्व" लिहिलं, कारण जुलैत तसं असतं हे पाठ होतं. आतड्याच्या रकान्यात मात्र जून उतरवला. म्हणून त्या बारा मृगळांच्या पोटात अंडीही आहेत आणि आतडी गाळाने भरलेलीही आहेत. एवढ्या वर्षांत हे ना सरांना खटकलं ना परीक्षकांना. तुझी नजर बरोबर तिथे गेली. तू पाठवलेलं टिपण मी वाचलं. बॅकवॉटरखाली बुडालेली शेतं आहेत, तिथला गाळ कसदार आहे, म्हणून इथला मृगळ विणीच्या दिवसांतही खाणं सोडत नसावा, असं तू मांडलं आहेस. वाचताना मला क्षणभर वाटलं, असंच असू दे. पण ते मासे नव्हतेच, संध्या. आणि पहिल्या पानावर तू लिहिलं आहेस की जुलैचे हे बारा मासे माझ्या वडिलांनी त्यांच्या शेवटच्या फेरीत धरले होते. हे वाक्य तू पुढच्या महिन्यात विभागात सगळ्यांसमोर उभी राहून वाचणार आहेस. ते तू वाचू नयेस, म्हणून हे पत्र. विद्यापीठाला मी वेगळं पत्र लिहून काल रजिस्टरने पाठवलं, त्याची प्रत वहीत ठेवली आहे. पदवीचं, नोकरीचं काय करायचं ते त्यांनी ठरवावं. तुझ्याकडे मी काही मागत नाही, माफीसुद्धा नाही. आठ महिन्यांचे शहाण्णव मृगळ मात्र खरे आहेत. प्रत्येक तुझ्या वडिलांनी धरलेला आहे आणि जवळजवळ प्रत्येक त्यांनी मोजलेला, न ताणता. त्यांच्यावर तू काहीही उभं कर. जुलै तुला स्वतः बघायचा असेल तर सोसायटीच्या लोकांना सांग, ते मासे देतील. पण पाऊस असेल तर कुणाला पाठवू नकोस. तक्त्यात त्या महिन्यापुढे रेघ मार आणि खाली लिही की नमुने मिळाले नाहीत. एक महिना रिकामा राहिला तर चालतो.

तुझाच,
हेमकांत