पान ८३, ओळ ६ समोर न दिलेला ठिपका

प्रति,
मा. तपास अधिकारी,
महिला अत्याचार तपास पथक.

विषय : जप्त केलेल्या रुग्ण नोंदवहीत पान ८३, ओळ ६ समोर निळा ठिपका देण्याची परवानगी मिळणेबाबत (अर्ज तिसरा).

संदर्भ : आपल्या कार्यालयाचे पत्र, ‘असा ठिपका देण्याची तरतूद नाही व त्यासाठी विहित नमुनाही नाही.’

महोदय,

१. अर्जदार ही पाठदुखीच्या दवाखान्यात अकरा वर्षे बाहेरच्या टेबलावर बसून रुग्णांची नावे लिहीत होती. तपासणीच्या खोलीतून एखादी बाई डोळे पुसत किंवा चुकीची बटणे लावून बाहेर आली, की अर्जदार तिच्या नावासमोर गुपचूप ठिपका देत असे. विचारले मात्र कुणालाच नाही. नोकरी जाईल या भीतीने तोंडाला कुलूप होते, आणि ठिपका दिला की मनाची टोचणी जरा कमी व्हायची.

२. एका शिक्षिकेने तक्रार केल्यावर आपण नोंदवही जप्त केली. अर्जदाराने ठिपक्यांचा अर्थ सांगितला. आपण त्या नावांचे पत्ते शोधत दारोदार फिरलात, नऊ जणी साक्षीला उभ्या राहिल्या आणि डॉक्टरला शिक्षा झाली. निकालपत्रात अर्जदाराचा उल्लेख ‘दक्ष साक्षीदार’ असा आहे.

३. दहावी तक्रारदार ही अर्जदाराची सख्खी भाची, वय चोवीस. ‘ताई, तू बाहेर बसलेली असतेस म्हणून तर बिनघोर पाठवते,’ असे सांगून बहिणीने तिला पाठवले होते. पान ८३, ओळ ६ वरच्या तिच्या नावासमोर ठिपका नाही. बचावाच्या वकिलांनी नेमके त्यावर बोट ठेवले : एवढ्या बारीक नजरेच्या मावशीला काही दिसले नाही, म्हणजे काही घडलेच नाही. न्यायालयाने तिची तेवढी तक्रार अमान्य केली. आता डॉक्टरच्या अपिलात तेच वकील विचारत आहेत, की दहावी खोटी तर बाकीच्या नऊ खऱ्या कशावरून? सुनावणी येत्या गुरुवारी आहे.

४. ठिपका नजरचुकीने राहिला, असे अर्जदाराने पहिल्या अर्जात लिहिले. दुसऱ्यात लिहिले, की पेनातली शाई संपली होती. त्यावर आपल्या कारकुनांनी विचारले, मग ओळ ७ कशाने लिहिली? प्रश्न रास्त आहे. शाई संपली नव्हती आणि नजरही चुकली नव्हती.

५. भाची बाहेर आली तेव्हा तिचा एक बूट पायात आणि एक हातात होता. ती टेबलापाशी थांबून अर्जदाराकडे बघत राहिली. अर्जदाराने पेनाचे टोपण काढले आणि परत लावले. परक्या बाईसमोर ठिपका देऊन वही मिटता येत होती. इथे ठिपका दिला असता तर संध्याकाळी बहिणीला तोंड द्यावे लागले असते. ‘सरळ घरी जा,’ एवढे म्हणून अर्जदाराने पुढच्या रुग्णाला हाक मारली. न्यायालयात शपथेवर ‘माझे लक्ष नव्हते’ असे सांगितले, ते धादांत खोटे आहे. निकालाच्या दिवशी भाची जिन्यात म्हणाली, ‘मावशी, तू बघितलं होतंस.’ त्यानंतर ती अर्जदाराशी बोललेली नाही.

६. मोहोरबंद पुराव्याला हात लावता येत नाही, हे अर्जदाराला आता पटले आहे. सबब ठिपक्याची मागणी मागे घेऊन हात जोडून विनंती, की खोटी साक्ष दिल्याबद्दल अर्जदारावर गुरुवारच्या आत कारवाई सुरू करावी. त्यासाठी विहित नमुना नक्की असेल. अर्जदार काय खोटे बोलली, हे त्यात लिहावे लागेल. ते लिहिताना भाची खरे बोलत होती, हेही आपल्याला लिहावेच लागेल.

बोलावाल तेव्हा हजर राहीन.

आपली नम्र,
(सही)
निकालपत्रातील ‘दक्ष साक्षीदार’

दिनांक : सोमवार, सुनावणीला तीन दिवस बाकी

सोबत : १) आपल्या पत्राची प्रत.
२) निळे पेन, नग एक, टोपणासह. शाई आहे.